मॅडमची बदली

आमच्या सानगडीत मला सगळे चांगली सून म्हणतात. अजूनही म्हणतात. बाजारात भेटणाऱ्या बाया आपापल्या सुनांना माझं उदाहरण देतात आणि मी मान खाली घालून हसते — लाजल्यासारखी. ती लाज खरी आहे. पण ती कशाची आहे हे कोणालाच ठाऊक नाही, आमच्या ह्यांनाही नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यांच्यापासून लपवलेली अशी ही एकच गोष्ट माझ्याजवळ आहे. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल कदाचित. ओळखत असता तर यातही मी स्वतःला जरा बरं दाखवलं असतं — मला ती सवयच आहे, आणि सगळं त्या सवयीतूनच झालं.

गोष्ट माझ्या सासऱ्यांची आहे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. सोमाजी त्यांचं नाव, पण मी ते कधी उच्चारलं नाही.

मी या घरात आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. हे सहावीत असतानाच त्या गेल्या होत्या, आणि मामाजींनीच पोराला वाढवलं. स्वयंपाक त्यांना माझ्यापेक्षा बरा यायचा. पहिल्या महिन्यात माझी भाजी खारट झाली तर ताटावरून उठता उठता म्हणाले, "आज भाताले चव आली." त्या दिवसापासून माझी भीती गेली. मी शिवणकाम करते — ब्लाऊज, फॉल-पिको. मशीनजवळ खुर्ची टाकून ते बसायचे. कच्चा दोरा उसवून द्यायचे, हुकं नंबरवार डब्यांत लावून ठेवायचे. स्कुटी चालवायला त्यांनीच शिकवलं मला. त्यांना स्वतःला येत नव्हती! तलावाच्या पाळीवर मी गाडी चालवायची आणि ते मागून धावत यायचे — "समोर पाह, चाकाकडे नोको पाहू!" तेव्हा त्यांना धावता यायचं.

तीस वर्षं ते राईस मिलमध्ये होते. कोंडा, भुसा, धूळ. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या, असं हे सांगतात. त्यात बिडी. बिडी त्यांनी नात झाली त्या दिवशी सोडली, पण छातीनं तोवर हिशेब मांडून ठेवला होता. आधी तलावापर्यंत जाणं सुटलं. मग बाजार सुटला. मग अंगणाच्या फाटकापर्यंत जाणंही. एका हिवाळ्यात तर खाटेवरून न्हाणीघरापर्यंत जायला त्यांना दोनदा भिंत धरून थांबावं लागायचं, आणि आंघोळ झाल्यावर बनियन घालायचीसुद्धा ताकद उरायची नाही. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी राहायची. आतून फक्त श्वास ऐकू यायचा — फाटक्या भात्यासारखा. तो आवाज ऐकत आपण उभं राहायचं म्हणजे काय असतं, हे ज्यांच्या घरी आहे त्यांनाच कळेल.

त्या हिवाळ्यात साकोलीच्या दवाखान्यात आठ दिवस भरती होते. सुट्टी देताना डॉक्टरांनी पंप लिहून दिला आणि सांगितलं की औषध अर्धंच काम करतं, उरलेलं काम माणसाला शिकावं लागतं. दवाखान्यात श्वासाच्या व्यायामाचा वर्ग चालतो — मंगळवारी आणि शुक्रवारी. निदान आठ आठवडे. न चुकता आणा.

मामाजी हसले होते. "सत्तर वर्सं झाले श्वास घेऊन राहिलो. आता शिकू?"

पण गेलो आम्ही. मी स्कुटीवर, मागे मामाजी, माझ्या खांद्यावर हात ठेवून. हळूहळू जायचं म्हणून अर्धा-पाऊण तास लागायचा.

वर्ग घेणारी मॅडम म्हणजे पंचविशीतली मुलगी. तिथल्या लांब व्हरांड्यात सहा-सात खुर्च्या, सहा-सात म्हातारे जीव. चुलीच्या धुरानं छाती गेलेल्या बाया, एक गवंडी, आणि एकोडीचे रामटेके गुरुजी. मॅडम सगळ्यांना आजोबा, आजी म्हणायची आणि शाळेतल्या पोरांसारखी रागवायची. आधी पोटावर हात ठेवून श्वास. मग नाकानं आत, आणि ओठ बारीक करून बाहेर, आत घ्यायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ सोडायला. "आजोबा, तुमच्या छातीत जुनी हवा अडकून बसली आहे. ती बाहेर जाईल तेव्हा नवी येईल ना!" मग खुर्चीवरून उठायचं, बसायचं. वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या वर उचलायच्या — उचलताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. मग व्हरांड्यात चालायचं. बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावून ती मधूनमधून ऑक्सिजन बघायची आणि म्हणायची, "आता थांबा," किंवा "अजून एक फेरी होईल."

मामाजींना वाटायचं की दम लागला म्हणजे जीव चालला. म्हणूनच ते हलायचे नाहीत, आणि हलत नव्हते म्हणून पायातली ताकद गेली, आणि ताकद गेली म्हणून आणखी दम. हे मॅडमनं त्यांना समजावून सांगितलं. दम लागू द्या, घाबरू नका, टेबलावर हात टेकून वाका, ओठ बारीक करा, उतरेल तो. पहिल्यांदा तो खरंच उतरला तेव्हा मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं — कसं सांगू? पोर पहिल्यांदा पाण्यात हात मारतं आणि बुडत नाही, तेव्हा ते काठाकडे जसं बघतं ना, तसं.

रामटेके गुरुजींची आणि त्यांची फेऱ्यांवरून चढाओढ लागायची. "सोमाजी, तुमची एक फेरी कमी झाली." "गुरुजी, तुमी गणित शिकवलं का मराठी?" दोघं हसायचे, हसता हसता खोकायचे, आणि मॅडम कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

पाचव्या आठवड्यात मामाजी एकटे बाजारात जाऊन आले. एकटे! मी मशीनवर होते, मला सांगितलंही नाही. आले ते पिशवीत पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा घेऊन, घामानं भिजलेले. ओसरीवर बसले, ओठ बारीक केले, दम उतरवला आणि मग म्हणाले, "भाव वाढला वं शेंगाईचा." दोन वर्षांत त्यांनी भाव विचारला नव्हता कशाचा. मी आत जाऊन रडले.

आता मला जे सांगायचं आहे ते इथून पुढे आहे. आणि बघा, अजूनही मी शेंगांचंच सांगते आहे.

मला लोकांचं बोलणं आवडायचं. स्पष्टच सांगते. मी स्कुटीवर सासऱ्यांना बसवून निघाले की शेजारच्या भागरताबाई फाटकात उभ्या राहून म्हणायच्या, "सून असावी तं अशी!" दवाखान्यात मॅडम बाकीच्यांच्या नातेवाइकांना सांगायची, "या ताईंकडून शिका, एक दिवस चुकत नाहीत." मी हात हलवून "काय हो मॅडम," म्हणायची. पण ते ऐकायला मिळावं म्हणून मी दहा मिनिटं आधी पोचायची. हे माझं मलाच आता कळतं. तेव्हा वाटायचं की सगळं मामाजींसाठीच आहे. होतंच की त्यांच्यासाठी. पण त्यात माझंही होतं थोडं — का बरंच होतं?

मग लग्नसराई आली. ब्लाऊजचा ढीग पडला. एका नवरीचे सात, दुसरीच्या घरचे अकरा. आठवड्यातले दोन दिवस अर्धे-अर्धे साकोलीत जायचे आणि आल्यावर पाठ धरायची. एका बाईनं सगळ्यांसमोर ऐकवलं की वेळेवर देता येत नाही तर कापड घेता कशाला. मी थकले होते. थकणं पाप आहे का? नाही. मी ह्यांना म्हणू शकत होते की एक दिवस तुम्ही न्या. हे लाखनीला एका इलेक्ट्रिकच्या दुकानात आहेत, आणि शुक्रवारी दुकान बंद असतं. दर शुक्रवारी हे घरी असायचे! मामाजींना म्हणू शकत होते की दोन आठवडे थांबू या, लग्नं आटोपू द्या. ते लगेच हो म्हणाले असते. मलाच म्हणाले असते, "अवो, आधी काहून नाही सांगितलं?"

पण "मला होत नाही" हे तोंडातून निघेना. ते म्हटलं की मी ती सून राहत नाही ना, जिचं उदाहरण देतात.

तो मंगळवार होता. मामाजी सकाळपासून तयार होते. पांढरा सदरा, टोपी, मांडीवर पाण्याची बाटली आणि घडी केलेला टॉवेल. मी मशीनवर बसले होते, बाही उलटी लागली होती म्हणून उसवत होते. त्यांनी घड्याळ पाहिलं. मला काही म्हणाले नाहीत, कधीच घाई करायचे नाहीत. नुसतं पाहिलं. आणि मी मान वर न करता बोलून गेले.

"मामाजी, आज नाही जायचं."

"काहून? बरं नाही वाटून राहिलं का तुले?"

बघा, त्यांनी स्वतःच दार उघडून दिलं होतं. हो म्हणायचं होतं फक्त.

"मॅडमची बदली झाली. वर्ग बंद झाला."

हे कुठून आलं? मी आधी ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगते. पण शपथेनं काय होतं. निघालं ते माझ्याच तोंडून, आणि निघाल्यावर मी ते परत घेतलं नाही.

मामाजींनी टोपी काढली. "असं कसं? शुक्रवारी तं काही बोलली नाही थे." मी म्हटलं, अचानक झालं, मला फोन आला होता. ते म्हणाले, "घाईनं जा लागलं असन पोरीले. बदलीचं असंच रायते." आणि थोड्या वेळानं, "कुठी टाकलं असन बिचारीले? एकटी पोरगी." त्यांना तिची काळजी वाटत होती. बाही मी पुन्हा उलटीच लावली त्या दिवशी.

तुम्ही म्हणाल, एक खोटं बोलली, माणूस बोलतो. थांबा. दुसरं बाकी आहे.

पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. मी मोबाईल घेऊन मागच्या परसात गेले, विहिरीपाशी. "ताई, आजोबा आले नाहीत? बरे आहेत ना?" मी तिला काय सांगितलं असेल? सांगितलं की ते कंटाळले. येत नाही म्हणतात. आणि वर हेही म्हटलं, "मी खूप समजावलं हो मॅडम, पण ऐकतच नाहीत."

तिचा आवाज पडला. "असं? मला वाटलं होतं त्यांना आवडतंय." मग मलाच धीर द्यायला लागली, "ताई, तुम्ही तरी काय करणार. तुम्ही तर सगळं केलंत." आणि मी ते घेतलं. तिची ती सहानुभूतीसुद्धा मी ठेवून घेतली.

फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, निदान एकदा तरी घेऊन या, एक धडा राहिला आहे, महत्त्वाचा आहे. खोकला वाढला, बेडक्याचा रंग बदलला की काय करायचं, कधी व्यायाम थांबवायचा, कधी लगेच दवाखान्यात यायचं, ते सांगायचं आहे. मी म्हटलं, बघते.

एकाला सांगितलं ती गेली. तिला सांगितलं ते कंटाळले. दोघं एकमेकांवर किती जीव लावून होते, आणि मी मध्ये उभी राहून दोघांचीही तोंडं फिरवून ठेवली. मामाजींनी एकदा विचारलं होतं, तिचा नंबर लावून देतेस का, बदलीच्या गावी बरी आहे का विचारू. मी म्हटलं, लागत नाही. ते म्हणाले, "रायू दे. नव्या जागी हजार कामं असन."

मामाजींनी व्यायाम मात्र सोडला नाही. हेच तर! रोज सकाळी ओसरीवर खुर्ची मांडायचे, वाळूच्या बाटल्या काढायचे. भागरताबाई आयुष्यभर बिड्या वळत आल्या, त्यांनाही दम लागायचा. त्यांना बोलावून समोर बसवायचे आणि शिकवायचे. "नाकानं घे. पोटात भरू दे. आता ओठ असे कर, गरम चहा फुंकून राहिली तशी. हळू! समोर दिवा आहे समज. विझवाचा नाही, नुसती वात हलू दे." बाई पदर तोंडाला लावून हसायच्या, पण करायच्या. एकदा त्या म्हणाल्या, तुमची मॅडम गेली ना, मग कशाला जीव काढता? मामाजी म्हणाले, "मॅडम गेली तं गेली, शिकवलेलं थोडीच घेऊन गेली!"

मी आत मशीन चालवत होते. जोरात.

मे महिन्याच्या शेवटी त्यांचा खोकला वाढला. बेडका पिवळा, मग हिरवट. मला दिसला होता? हो, दिसला होता. मोरीत दिसला होता. पण मी दोन अन् दोन जोडले नाहीत, किंवा जोडायचे टाळले. त्यांना वाटलं की आपलाच आळस झाला, चालणं कमी पडलं. मॅडम म्हणायची ना, दर आठवड्याला थोडं वाढवा. ते तसं वाढवत गेले. कधी थांबायचं ते मात्र शिकायचं राहून गेलं होतं.

एका सकाळी तलावाच्या पाळीवर ते बसले ते उठलेच नाहीत. म्हशी चारायला नेणाऱ्यांनी पाहिलं. मी पोचले तेव्हा गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते आणि ओठ बारीक करून सोडत होते, सोडत होते — सगळं बरोबर करत होते, जसं शिकवलं तसं. पण आत हवाच जात नव्हती. ओठ निळे. मला पाहून त्यांनी हातानं खूण केली की घाबरू नकोस.

ऑटोनं साकोली. तोच दवाखाना. दुसरीकडे न्यायला वेळ नव्हता. पण खरं सांगू? त्या ऑटोत, त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर असताना, माझ्या मनात एक क्षण आलंच की तिथे मॅडम असेल. त्या वेळीसुद्धा.

तीन दिवस फार कठीण गेले. डॉक्टर म्हणाले, असा प्रत्येक झटका फुप्फुसाचा थोडा भाग घेऊनच जातो, तो परत येत नाही. दोन दिवस आधी आणलं असतं तर इतकं झालं नसतं. हे बाजूला उभे होते. म्हणाले, "हिनं खूप केलं हो डॉक्टर." मी डॉक्टरांच्या हातातली औषधांची चिठ्ठी घेतली.

चौथ्या दिवशी मॅडम वॉर्डात आली. मी मामाजींच्या पायावरची चादर नीट करत होते. नाकात ऑक्सिजनची नळी, डोळे मिटलेले. तिनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला तसे त्यांनी डोळे उघडले. तिला पाहून चेहरा असा उजळला — आणि मग कपाळावर आठी आली. ती इथे कशी? ते काही विचारणार, त्याआधी तीच बोलली.

"काय हो आजोबा, रागावलात ना माझ्यावर? कंटाळा आला म्हणून वर्ग सोडून दिलात. ताईंनी किती समजावलं तुम्हाला! गुरुजी दर मंगळवारी विचारतात, माझा जोडीदार कुठे गेला."

मामाजी तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. मी चादरीचा कोपरा धरून उभी. किती वेळ गेला असेल? दोन श्वासांचा. ते सगळं जागच्या जागी लावत होते — बदली, फोन, लागत नसलेला नंबर. मला ते लावताना दिसत होते. त्यांच्या डोळ्यांत राग आला असता तर मी जगले असते. राग नव्हता. काळजी होती. मॅडमची काळजी करताना होती तशीच, आता माझी.

मग ते मॅडमकडे वळून म्हणाले, "हो मॅडम. म्हाताऱ्या माणसाचं डोकं. मीच कंटाळलो होतो. पोरीनं लय समजावलं मले, मीच नाही आइकलो."

एवढं बोलायला त्यांना चार वेळा थांबावं लागलं. हे खोटं ते श्वास मोजून-मोजून बोलले, माझ्यासाठी. आणि मी काय केलं? मी चादर खोचली. गादीखाली नीट खोचली.

मॅडम लटक्या रागानं म्हणाली, आता पळायचं नाही हं, आणि गेली. आम्ही दोघंच उरलो. मला वाटलं, आता विचारतील. ते म्हणाले, "बेटा, पाणी दे." मी दिलं. बस. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही.

घरी आल्यावर त्यांनी ह्यांना आणि भागरताबाईंना सांगून टाकलं की मॅडमच्या बदलीची थाप आपलीच, कंटाळा आला म्हणून मारलेली. चार दिवसांनी, जेवताना, ते ह्यांना म्हणाले, "शुक्रवारी तू नेत जा रे मले. पोरीले शिवणाचं काम रायते. एकटीनं किती करन थे?" हे घास घेता घेता म्हणाले, "एवढंच ना? आधी सांगायचं ना!" इतकं सोपं होतं ते. जे मला जमलं नाही ते त्यांनी एका वाक्यात, माझं नाव मध्ये न येऊ देता, करून दिलं.

पुढे साडेतीन वर्षं आम्ही त्यांना नेलं. आळीपाळीनं, न चुकता. पण बाजारापर्यंत ते पुन्हा कधी जाऊ शकले नाहीत. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं, त्याच्या नळीइतकं त्यांचं जग उरलं — खाट, ओसरी, माझ्या मशीनशेजारची खुर्ची. त्या खुर्चीवर ते आनंदात बसायचे. हुकं लावायचे. नातीला ओठ बारीक करून शीळ घालायला शिकवायचे.

एकदा दुपारी मी मशीन थांबवलं. घरात कोणी नव्हतं. मी म्हटलं, "मामाजी—"

"बोल ना बेटा."

त्यांनी हातातला डबा बाजूला ठेवला. माझ्याकडे पूर्ण वळून बसले. ते थांबले होते, खरंच थांबले होते माझ्यासाठी, यंत्राचा घर्र आवाज तेवढा चालू. मी म्हटलं, "चहा ठेवू का?"

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, "ठेव."

गेल्या थंडीत ते गेले. सकाळी, आम्ही सगळे जवळ असताना, फार त्रास न होता. तेरवीच्या दिवशी मॅडम आली. आता तिचं लग्न झालं आहे, कडेवर लेकरू होतं. ओसरीवर गावची माणसं बसली होती, भागरताबाई, गुरुजींचा मुलगा. मॅडम सगळ्यांना सांगत होती की आजोबांसारखा विद्यार्थी पुन्हा झाला नाही. "मधे एकदाच कंटाळून वर्ग सोडला होता त्यांनी. पण या ताईंनी नाही सोडलं त्यांना." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ह्यांचे डोळे भरून आले. भागरताबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी तो मॅडमसमोर धरला. तिनं कप घेतला. मी पुढे गेले.

मामाजी एकही दिवस कंटाळले नव्हते. खोटं मी बोलले होते, ते त्यांनी आपल्या नावावर घेतलं, आणि मी घेऊ दिलं. त्या ओसरीवरही घेऊ दिलं.